विंडोज १० संपलं: टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात कुठलं लिनक्स टाकावं?

टॉवेलवाला
सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. ऑफिस म्हणजे शेडच्या कडेला काढलेली एक खोली. तिथं चार कॉम्प्युटर आहेत, सगळे एकदमच घेतलेले: चौथ्या पिढीचे आय३, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमची चारही मशीन बाद. सुताचे भाव बघता यंदा चार नवीन मशीन घेणं जमणार नाही.

मशीनवार काम सांगतो. पहिल्यावर टॅली. दुसऱ्यावर आमच्या अक्का बसतात. मराठी पत्रं, डिलिव्हरी चलनं, हजेरीपट, बँकेचे अर्ज सगळं त्याच करतात, गेली सोळा वर्षं. तिसऱ्यावर जॅकार्डचं, म्हणजे कापडात विणायच्या नक्षीचं डिझाइन, त्याला यूएसबीचा डोंगल लागतो, तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. चौथा माझा, त्यावर मेल आणि जीएसटी.

पुतण्या म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स घ्या, त्यातलं उबुंटू टाका. नवी पेठेत एकजण मिंट म्हणाला, दुसरा फेडोरा. चार दिवस व्हिडिओ बघतोय आणि गोंधळ वाढतच चाललाय. मला एक नाव सांगा. टाकलं की पाच वर्षं हात लावायला लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.

केगावकर
सोमवार, रात्री ९.४२

काका, मी एमसीएला आहे. वसतिगृहातल्या माझ्या मशीनवर दोन वर्षं फेडोरा केडीई वापरतोय, अडचण आली नाही. नवीन कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लगेच मिळतो, दिसायला सुंदर आहे, आणि विंडोजवरून येणाऱ्याला खाली पट्टी, डावीकडे मेनू असं ओळखीचं वाटतं. लिनक्सबद्दल थोडं सांगतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत शिकत असताना कर्नल लिहायला घेतला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. दोन्ही मिळून जे तयार झालं, त्यावर वेगवेगळ्या गटांनी आपापली बांधणी केली, तिला डिस्ट्रो म्हणतात. आत इंजिन सगळीकडे एकच आहे, त्यामुळे घाबरू नका. फेडोरा टाका.

पीसीदुरुस्ती_नवीपेठ
सोमवार, रात्री १०.१५

फेडोरा चांगलंच आहे, पण या कामाला नको. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते, मग पुढच्या आवृत्तीवर जावं लागतं. शिकणाऱ्या मुलाला त्यात आनंद आहे. कारखान्याच्या ऑफिसात दरवर्षी ते कोण करणार?

टॉवेलवाले दादा, लिनक्स नंतर. आधी मशीनचं बघू. एमआयडीसीतून आणि पूर्व भागातून माझ्याकडे येणारं प्रत्येक कॅबिनेट उघडलं की आत सुताची तूस भरलेली असते. पंख्यावर गादी बसावी तशी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर गेला की प्रोसेसर तापतो, मशीन मंद होतं, आणि लोक विंडोजला दोष देतात. ब्लोअर मारा, प्रोसेसरची पेस्ट बदला. फिरती डिस्क काढून एसएसडी घाला, रॅम ८ जीबी करा. चौथ्या पिढीला डीडीआर३ लागते, जुन्या बाजारात मिळते. तुम्ही कुठलंही लिनक्स टाका, फिरत्या डिस्कवर ते रखडणारच.

आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून घ्या. इतक्या जुन्या मशीनचा सेल संपलेलाच असतो. लाइट गेली की तारीख मागे जाते, मग ब्राउझर प्रत्येक साइटला प्रमाणपत्राची चूक दाखवतो. माणूस म्हणतो नेट गेलं. जातो तो सेल.

नाव विचारलंत म्हणून सांगतो: लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर बेतलेलं आहे आणि २०२९ पर्यंत त्याला अपडेट आहेत.

केगावकर
सोमवार, रात्री १०.३१

१३ महिन्यांचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरलाच नव्हता. माझी सूचना मागे घेतो. घराणं सांगून ठेवतो, म्हणजे काकांना नावांचा गोंधळ होणार नाही: डेबियन १९९३ चं, त्यातून २००४ मध्ये उबुंटू, उबुंटूतून २००६ मध्ये मिंट. त्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेला उपाय मिंटवर बहुतेक वेळा तसाच चालतो.

खतावणी
मंगळवार, सकाळी ७.५०

मी करसल्लागार आहे, टिळक चौकात ऑफिस आहे. टॅलीच्या मशीनवर प्रयोग करू नका. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालवणारे लोक आहेत, पण मार्चअखेरीला छपाई किंवा बॅकअप अडला तर तुमच्यासोबत मीही अडकतो. ती एक जागा विंडोज ११ च्या नव्या मशीनला द्या. चार घेण्यापेक्षा एक घेणं परवडेल.

जीएसटी पोर्टल ब्राउझरमध्ये चालतं, तिथं लिनक्सची अडचण नाही. तुमची मालकी एकट्याची असेल तर मोबाइलवरच्या ओटीपीने विवरणपत्र भरता येतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचा टोकन लागतो, आणि तो आज ज्या मशीनवर चालतो तिथंच राहू द्या.

विंडोज १० तसंच वापरू असं कुणी म्हणेल. घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, धंद्याच्या मशीनला त्याचे पैसे मोजावे लागतात. बँकेचे व्यवहार ज्या मशीनवरून होतात ते अपडेटशिवाय ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

बाई_जुळेसोलापूर
मंगळवार, दुपारी २.२०

शाळेची संगणक प्रयोगशाळा गेली नऊ वर्षं मी उबुंटूवर चालवते. केरळमध्ये तर सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं, तिथूनच मला धीर आला होता.

मला इथं सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या तुमच्या अक्का. त्या कुठल्या कळफलकावर मराठी टाइप करतात ते विचारलंत का? सोळा वर्षांची सवय म्हणजे बहुधा टाइपरायटरचा, म्हणजे रेमिंग्टन. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये काम होत असेल, तर त्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत, नाहीत. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच पत्रं उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. लोक घाबरतात, लिनक्सने फाइल खाल्ली म्हणतात. फाइल जागेवर असते, कपडे काढलेले असतात इतकंच.

मिंटवर असं करा. इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा आणि आयबस-एम१७एन हे पॅकेज टाका. मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन, रेमिंग्टन असे पर्याय दिसतील. अक्कांना रेमिंग्टन लावून द्या, त्यांची बोटं बदलू नका. नवीन पत्रं युनिकोडमध्येच होतील. फॉन्ट म्हणून मुक्ता, शोभिका किंवा नोटो घ्या, तिन्ही खुले आहेत. मुक्ता मुंबईच्या एक टाइपचा, शोभिका आयआयटी मुंबईचा.

आणखी एक. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात आपल्या वळणाचे ल आणि श येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. बँकेच्या साहेबाला फरक कळणार नाही, पण मला कळतो आणि मुलांनाही मी दाखवते.

जी मुलं नव्याने शिकतात त्यांना मी इनस्क्रिप्टच शिकवते. त्यात ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ मधला ऱ नीट येतो, त्याची स्वतंत्र कळ आहे: र ची कळ शिफ्टसह. शिवाय हा कळफलक सगळ्या भारतीय लिप्यांना समान आहे. मराठीत ज्या कळीवर क आहे त्याच कळीवर तेलुगूचा आणि कन्नडचाही क आहे. आपल्या गावात अर्ध्या वर्गाची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असते. एकदा बोटं बसली की मूल आपल्या आजीच्या भाषेतही लिहू शकतं. हे मला फार मोलाचं वाटतं.

टॉवेलवाला
मंगळवार, रात्री ८.४५

बाई, बरोबर ओळखलंत. अक्का टाइपरायटरच्या परीक्षा देऊन आलेल्या आहेत, आणि पत्रं जुन्या फॉन्टमध्येच आहेत. मी त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. बोटं बदलायची नाहीत म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. गेले चार दिवस त्या माझ्याशी नीट बोलत नव्हत्या, कारण आज समजलं.

डिझाइनच्या मशीनवर कुणीच बोललं नाही. तिथं काय करायचं? सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे, जुनं आहे.

ग्राफपेपर
मंगळवार, रात्री ११.३०

मी जॅकार्ड डिझाइनर. साखर पेठेत चादरीचं डिझाइन ग्राफ पेपरवर हाताने भरायला शिकलो, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. एक चौकोन म्हणजे एक हुक (ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलणारा) आणि एक पिक (बाण्याचा आडवा धागा). लाल भरला तर ताणा वर, मोकळा सोडला तर खाली. त्यावरून कार्ड पंच व्हायचं. एका चादरीला शेकडो कार्डं, दोरीने ओवलेली, मागावर फिरत राहायची. हीच छिद्राची युक्ती पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी घेतली, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. बॅबेज यांनी आपल्या यंत्रासाठी जॅकार्डचीच कार्डं योजली होती.

आता माझं दुःख सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

माझ्या माळ्यावर चाळीस वर्षांपूर्वीचे कार्डांचे जुडगे आहेत. उंदरांनी दोन-चार कुरतडले, बाकीचे आजही वाचता येतात. कुणीही जाणकार कार्ड उजेडासमोर धरेल आणि सांगेल की इथं हुक उचलला आहे, इथं नाही. पंच करणारा मेला, मालकाने कारखाना विकला, तरी डिझाइन जिवंत आहे.

पण मधल्या काळात मी एका डिझाइन सॉफ्टवेअरवर सात वर्षं काम केलं. डोंगल असलेलं, फाइल त्याच्या स्वतःच्या बंद स्वरूपात साठवणारं. बनवणाऱ्यांनी धंदा बंद केला. एका पावसाळ्यात वीज कडाडली, यूपीएससकट मशीन गेलं आणि डोंगलही गेला. त्या सात वर्षांतली साडेतीनशेच्या वर डिझाइन सीडीवर आजही माझ्याकडे आहेत. फाइल दिसते, तारीख दिसते, साइज दिसते, उघडत नाही. त्यातलं एक मोराचं डिझाइन मी माझ्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायच्या चादरींसाठी केलं होतं. चादर आहे माझ्याकडे, ती मोजून पुन्हा ग्राफ भरता येईल, पण तेवढी नजर आता राहिली नाही.

म्हणून मला मिंट की उबुंटू हा प्रश्न दुय्यम वाटतो. टॉवेलवाले, तुमचा डोंगल आज चालतोय ना? मग उद्या सकाळी पहिलं काम हे करा. प्रत्येक डिझाइन उघडा आणि बीएमपी किंवा पीएनजी म्हणून बाहेर काढा. एक पिक्सेल म्हणजे एक हुक आणि एक पिक, हे प्रमाण मोडू देऊ नका. सॉफ्टवेअर साइज विचारेल, बदलू नका. जेपीजी अजिबात नको. जेपीजी रंग पसरवतं, सहा रंगांच्या डिझाइनमध्ये शेकडो छटा निर्माण होतात आणि कडा फुटतात. मागाला छटा कळत नाही, हुक वर किंवा खाली एवढंच कळतं.

ती पीएनजी फाइल जिंपमध्ये उघडा. जिंप खुलं सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर फुकट चालतं. इमेज, मोड, इंडेक्स्ड असं करा, रंगांची संख्या तुमच्या वीव्हइतकी ठेवा आणि डिदरिंग (ठिपके मिसळून छटा दाखवणं) बंद करा. आणि एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती, स्वतः शोधायला वर्ष गेलं. इंचाला ताणे वेगळे आणि पिक वेगळे असतात, त्यामुळे पडद्यावर डिझाइन ताणलेलं किंवा चेपलेलं दिसतं. गोल फूल अंड्यासारखं. जिंपमध्ये इमेजचं आडवं आणि उभं रिझोल्यूशन वेगवेगळं देता येतं: आडव्याला इंचाचे ताणे, उभ्याला इंचाचे पिक. मग व्ह्यूमधलं ‘डॉट फॉर डॉट’ बंद करा. फूल गोल दिसतं, पिक्सेल एकही हलत नाही. कापडावर जसं येणार तसं.

मागाला लागणारी शेवटची फाइल मात्र अजून तुमच्या सॉफ्टवेअरमधूनच काढावी लागेल. ते मशीन विंडोजवरच राहू द्या, नेटची वायर काढून टाका. पण मूळ डिझाइन खुल्या फाइलमध्ये असू द्या. उद्या सॉफ्टवेअर बदललं, मशीन बदललं, मुलाने धंदा सांभाळला, तरी ते उघडेल.

केगावकर
बुधवार, सकाळी ६.५५

काका, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. आम्हाला वर्गात खुल्या फाइल स्वरूपाची व्याख्या पाठ करायला लावतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या बंद फायलींतली एक फाइल आणि त्याच डिझाइनची चादर, दोन्ही मला दाखवाल का? साध्या स्वरूपात साठवलेलं असेल तर आत पिक्सेलची ओळ शोधता येते. ज्या डिझाइनचे हुक आणि पिक किती हे माहीत आहे, तिथून सुरुवात करता येईल. होईलच असं म्हणत नाही. पण मला प्रयत्न करायचाय.

ग्राफपेपर
बुधवार, सकाळी ९.०५

ये बाळ. रविवारी सकाळी ये. मोराचीच काढून ठेवतो.

डेबियनच
बुधवार, दुपारी १.१०

मिंटवर सगळ्यांचं एकमत दिसतंय म्हणून दुसरी बाजू मांडतो. थेट डेबियन का नाही? डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. तीन वर्षं पूर्ण सांभाळ आणि पुढे दोन वर्षं दीर्घकालीन सुरक्षा अपडेट, म्हणजे पाच वर्षं झाली. मागे कुठलीही कंपनी नाही, जगभरातले स्वयंसेवक चालवतात. पूर्वी वाय-फायचं फर्मवेअर वेगळं आणावं लागायचं, डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच असतं. केंद्र सरकारच्या सी-डॅकचं बॉस लिनक्ससुद्धा डेबियनवरच उभं आहे. एक लक्षात ठेवा, ३२ बिटच्या अगदी जुन्या मशीनवर डेबियन १३ नव्याने टाकता येत नाही. तुमचे आय३ ६४ बिट आहेत, तुम्हाला अडचण नाही.

पीसीदुरुस्ती_नवीपेठ
बुधवार, दुपारी ३.४०

डेबियनबद्दल माझ्या मनात आदरच आहे, माझ्या दुकानातला बॅकअप सर्व्हर त्यावरच चालतो. पण दादांच्या ऑफिसात बसणार अक्का. मिंटमध्ये अपडेट, प्रिंटर, ड्रायव्हर सगळ्याला खिडक्या आहेत. टाइमशिफ्ट आधीच टाकलेलं असतं, अपडेटनंतर बिघडलं तर कालच्या स्थितीत नेता येतं. आणि उद्या मी गावाला गेलो तर नवी पेठेत मिंट ओळखणारी आणखी चार दुकानं आहेत. जवळ कोण आहे, हेही निवडताना बघावं लागतं.

आता करायचं कसं ते सांगतो. डिस्क पुसायच्या आधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून बघा. रुफस किंवा व्हेंटॉयने पेन ड्राइव्ह तयार होतो. मशीन चालू करताना एफ१२ किंवा एफ९ दाबून पेन ड्राइव्ह निवडा. मिंट तसंच उघडतं, डिस्कला हात लागत नाही. त्या अवस्थेत तुमचे सगळे प्रिंटर लावून एकेक पान छापा. प्रिंटरवरच लोक अडकतात. चलनाचा डॉट मॅट्रिक्स एप्सनच्या ९ पिन किंवा २४ पिनच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर बहुधा निघतो. नवे नेटवर्क प्रिंटर ड्रायव्हर न मागता येतात. छोटे जुने लेझर मात्र त्रास देतात, त्यातल्या काहींना त्यांच्याच कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो.

विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकणार असाल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचा भाग लिनक्समधून लिहिता येत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. घेतल्यावर दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून बघितलेल्या बॅकअपमुळे रडलेली माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत.

टॉवेलवाला
शुक्रवार, रात्री १०.०५

खूप उशीर झाला म्हणून आज एवढंच लिहितो. तीन दिवस आम्ही नुसती डिझाइनं बाहेर काढतोय. पोरगं आणि मी आळीपाळीने. ४१२ पैकी २७० झाली. त्यात १९ उघडलीच नाहीत, डोंगल असूनसुद्धा. ग्राफपेपर काका, तुम्ही लिहिलं नसतं तर हे पुढच्या वर्षी कळलं असतं, नाहीतर कळलंच नसतं.

खतावणी
शनिवार, सकाळी ८.१५

हिशेबाच्या बाबतीतही हेच करा. जुन्या वर्षांच्या खतावण्या आणि ताळेबंद पीडीएफमध्ये, आणि आकडे लागतील तिथं एक्सेलमध्ये काढून ठेवा. टॅलीला पर्याय हवाच असेल तर मुंबईच्या फ्रॅपेने केलेलं ईआरपीनेक्स्ट खुलं आहे. मी माझ्या दोन कारखानदारांना ते लावून दिलंय. पण त्यात उतरायला सहा महिने आणि एक समजूतदार माणूस लागतो. यंदा नको.

हजेरीपटात मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, आहेत का ते अक्कांना विचारा. लिबरऑफिसमध्ये साधी सूत्रं चालतात, एक्सेलचे मॅक्रो काही चालतात, काही अडतात.

टॉवेलवाला
आठ दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ६.३०

सविस्तर सांगतो.

माझ्या आणि अक्कांच्या मशीनवर एसएसडी, ८ जीबी रॅम, नवा सेल. तूस काढताना कॅबिनेटमधून मूठभर निघाली. मिंट २२ एक्सएफसीई टाकलं. बटण दाबल्यापासून काम सुरू व्हायला आधी चार मिनिटं लागायची, आता अर्धं मिनिटही लागत नाही.

डॉट मॅट्रिक्स पेन ड्राइव्हवरूनच पहिल्या झटक्यात छापू लागला, दोन प्रतींच्या चलनाचं माप मात्र कागदाच्या सेटिंगमध्ये स्वतः लिहावं लागलं. छोटा लेझर दोन संध्याकाळी खपून निघाला नाही. तो टॅलीच्या नव्या विंडोज मशीनला लावला आणि तिथून नेटवर्कवर वाटून दिला, पण अक्कांच्या मशीनवरून तो अजून नाही येत. सध्या त्या पीडीएफ करून सामायिक फोल्डरमध्ये टाकतात आणि शेजारच्या मशीनवरून छापतात. हा त्रासच आहे, प्रिंटर बदलायचं ठरवलंय.

जुनी पत्रं: फॉन्टच्या आमच्याकडे असलेल्या प्रती मिंटवर टाकल्या, बहुतेक सगळी दिसू लागली. जी पुन्हा लागणार तेवढीच कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये नेतोय. त्यात जोडाक्षरं अधूनमधून चुकतात, अक्का प्रत्येक ओळ वाचून दुरुस्त करतात. हजेरीपटाचे दोन मॅक्रो चाललेच नाहीत. केगावकरने ते साध्या सूत्रांत बदलून दिले.

डिझाइनचं मशीन विंडोजवरच आहे, नेटची वायर काढली. ३९३ डिझाइनं पीएनजीत आहेत, तीन ठिकाणी: एक डिस्क ऑफिसात, एक घरी, एक बहिणीकडे बार्शीला.

ग्राफपेपर
रविवार, रात्री ७.५५

केगावकर दोन रविवार येऊन गेला. मोराच्या फाइलमध्ये पहिली ओळ सापडली आहे. ४०० हुकांची ओळ, डावीकडून पिसाऱ्याचं टोक सुरू होतं तिथली. मी चादरीवर बोट ठेवून वाचत गेलो, तो पडद्यावर जुळवत गेला. ५२ हुक जुळले, मग रंगांचा क्रम बदलतो आणि गाडी अडते. पोरगं म्हणतंय पुढच्या रविवारी पुन्हा बसू.

बाई_जुळेसोलापूर
रविवार, रात्री ८.१०

पोटातून आनंद झाला. अक्कांचं कसं चाललंय, रेमिंग्टन जमलं का?

टॉवेलवाला
रविवार, रात्री ८.४०

मराठीचं रेमिंग्टन पहिल्या दिवसापासून. एकदोन चिन्हं वेगळ्या कळीवर आहेत, त्यांनी कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवलीत. पण वेगळंच घडलंय. तुम्ही लिहिलेलं ते तेलुगूचं त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. परवा दुपारी म्हणाल्या, मला ते इनस्क्रिप्ट लावून द्या. जेवणाच्या सुट्टीत रोज दहा मिनिटं बसायलेत. भाचीच्या लग्नात बायकांना वाटायला गाणी लिहून काढायची आहेत, त्यांच्या आईला तोंडपाठ आहेत, कागदावर कुठंच नाहीत. काल पहिल्या चार ओळी झाल्या.

त्यांनी विचारलंय, मराठी आणि तेलुगू दोन्ही अक्षरं एका कळीवर असलेले स्टिकर आपल्याकडे कुठं मिळतील का?

पीसीदुरुस्ती_नवीपेठ
रविवार, रात्री ९.०२

दोन्ही एकत्र मी तरी पाहिले नाहीत. बाईंकडे इनस्क्रिप्टचा तक्ता असेल तर पाठवा, मी दोन्ही लिप्या शेजारी ठेवून लेबलच्या कागदावर छापतो. अक्कांना म्हणावं, कीबोर्ड घेऊन शनिवारी दुकानात या.